वास्तूचा आहेर

वास्तुशांतीचे आमंत्रण आले म्हणजे ‘न्यायचे काय?’ हा प्रश्न घरोघर निघतो, आणि बहुधा त्याचे उत्तर भिंतीवरच्या घड्याळापाशी येऊन थांबते. मग नव्या घरात एकाच दिवशी चार घड्याळे जमतात आणि त्या चारांचेही आपसांत पटत नाही. पूर्वी ही निवड इतकी अवघड नसावी. देणाऱ्याच्या हौसेपेक्षा घराची उणीव काय आहे, यावरून ती ठरत असे.

ही उणीव कोणती, याचे फार जुने उत्तर आश्वलायन गृह्यसूत्रात आहे. घराची जागा पारखण्याची त्यात सांगितलेली रीत मोठी व्यवहारी आहे. गुडघाभर खोल खड्डा खणावा व निघालेल्या मातीनेच तो पुन्हा भरावा. माती उरली तर जागा उत्तम, नेमकी पुरली तर मध्यम, कमी पडली तर त्याज्य. पुढे पाण्याच्या रांजणाची स्थापना येते. प्रत्यक्ष गृहप्रवेशाविषयी सूत्रकाराचा आग्रह एवढाच, की ज्या घरात शिरावयाचे त्यात बी-बियाणे असले पाहिजे. आणि लगेच पुढचे सूत्र शेत नांगरण्याचे आहे! तेव्हा हे धान्य निव्वळ शकुनाचे नव्हे, पेरण्याचे होते, असे समजण्यास हरकत नाही. इतर देशांतही गोष्ट फारशी निराळी नाही. जर्मनीत नव्या बिऱ्हाडी पाव आणि मीठ नेण्याची चाल आहे. फ्रेंच लोक तर गृहप्रवेशाच्या मेजवानीला अजूनही ‘चुलीवरचा आकडा टांगणे’ म्हणतात. भांडे अडकवण्याचा आकडा विस्तवावर टांगला गेला, की घर सुरू झाले.

मराठी घरांत धान्य, पाणी आणि विस्तव यांच्या जोडीला भांडे आले. तांब्याची घागर, पितळेची परात, कळशी, समई यांपैकी काहीतरी आप्तांकडून येई. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी आणि नाशिकचा भांडीबाजार यांचा लौकिक अशा खरेदीवरच वाढला. होळकर, शिंदे आणि गायकवाड यांच्या पाठोपाठ इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्यास जी कुटुंबे स्थायिक झाली, त्यांनी भाषेबरोबर ही चालही नेली. भांडे कोरे द्यायचे नाही, त्यावर नाव घालून द्यायचे, हा तिचा विशेष. कारागीर छिन्नीने ठिपक्याठिपक्यांची अक्षरे उमटवी : कोणास, कोणाकडून, कोणत्या निमित्ताने आणि कोणत्या तिथीस. पंगतीसाठी शेजारून आणलेली भांडी मिसळू नयेत, ही एक सोय त्यात होतीच. परंतु खरे महत्त्व निराळ्या ठिकाणी होते. ते नाव पुष्कळदा घरातल्या बाईचे असे.

घराच्या खरेदीखतात तिचे नाव क्वचितच सापडावयाचे. घर सासऱ्याचे, नवऱ्याचे, पुढे मुलाचे. तिचे स्वतःचे म्हणून जे होते त्यास शास्त्राने स्त्रीधन म्हटले. मनूने त्याचे सहा प्रकार मोजले. त्यानंतर चालुक्यांच्या कल्याणी नगरीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिताना त्या शब्दाचा अर्थ पुष्कळच रुंदावला. याज्ञवल्क्याच्या मते नवऱ्याने घेतलेले स्त्रीधन त्याला परत करावे न लागण्याचे प्रसंग मोजके होते : दुष्काळ, धर्मकार्य, आजार किंवा अटक. माहेरून आलेली परात म्हणजे दिसायला स्वयंपाकघरातील एक जिन्नस, पण भाऊभाऊ वाटणीस बसले म्हणजे ‘ही माझ्या माहेरची’ या बोलण्याला त्या ठिपक्यांच्या अक्षरांचा आधार मिळे. न वाचता येणाऱ्या बाईलाही आपले नाव कोणत्या भांड्यावर कोठे आहे, हे ठाऊक असे.

घरावर मात्र अक्षर उमटावयास फार वेळ लागला. १९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याचा हिस्सा दिला, तोही केवळ हयातीपुरता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीला मिळालेल्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मान्य केली. पण त्याच कायद्याच्या तेविसाव्या कलमाने राहत्या घराची वाटणी मागण्यास तिला अडविले. पुरुष वारस वेगळे निघतील तेव्हाच तिने आपला वाटा मागावा, असा तो प्रकार होता. घर हीच जेथे बहुतेकांची एकुलती मालमत्ता, तेथे ही मेख लहान नव्हती. वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हक्क आंध्र प्रदेशाने १९८६ मध्ये दिला, महाराष्ट्राने व कर्नाटकाने १९९४ मध्ये. म्हणजे हैदराबाद आणि बेळगावच्या मराठी मुलींना तो आधी मिळाला. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या मुलींना २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीची वाट पाहावी लागली. तेविसावे कलमही तेव्हाच गळाले. गोव्याची कथा वेगळी. तेथे १८७० पासून लागू झालेल्या पोर्तुगीज नागरी कायद्यान्वये, निराळा करार नसल्यास, पतिपत्नीची मिळकत दोघांची समाईक. घर विकायचे तर पत्नीची संमती लागते.

या अवधीत पोलाद आले. स्टेनलेस स्टीलला कल्हई नको, घासायला चिंच नको. त्यामुळे स्वातंत्र्योत्तर काळात घराघरांतील पितळ बोहारणीकडे किंवा मोडीच्या दुकानात गेले. तेथे ते वजनावर घेतले जाई आणि अक्षरांना वेगळा भाव नसे. किती बायकांचा एकुलता एक लेखी पुरावा असा तराजूत पडला, याची नोंद कोण ठेवणार!

आता आमंत्रणपत्रिकेच्या तळाशी ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापलेले असते. माहेरची माणसे या ओळीला सहसा जुमानत नाहीत. पूजेला बसताना नेसायची साडी आणि एखादे भांडे घेऊन ती येतातच. भांड्याच्या दुकानात छिन्नीच्या जागी विजेचे यंत्र आले आहे, काम मिनिटा-दोन मिनिटांचे. पण यंत्र हाती घेण्यापूर्वी दुकानदार अजून विचारतो, नाव कोणाचे घालायचे?