व्रात्य आणि शिष्ट : दोन शब्दांचा उलटा प्रवास

समाजाच्या रीतीभातीचा इतिहास त्याच्या स्तुतीच्या शब्दांपेक्षा रागावण्याच्या शब्दांत अधिक स्पष्ट उमटतो, असे आम्हांस वाटते.

आपल्या आजीच्या तोंडचा ‘व्रात्य’ हा शब्द घ्या. अथर्ववेदाचे पंधरावे कांड व्रात्याच्या गौरवाचे आहे. मनुस्मृतीत मात्र ज्याची मुंज वेळेत झाली नाही तो व्रात्य. ही मर्यादा ब्राह्मणास १६, क्षत्रियास २२ आणि वैश्यास २४ वर्षे. एके काळचा हा बहिष्काराचा शब्द. मराठीने त्याची धार बोथट केली आणि तो खोड्या करणाऱ्या नातवाला बहाल केला.

जर्मन भाषेत अशा मुलास ‘उनगेत्सोगन’ म्हणतात. शब्दशः अर्थ, ज्याचे संगोपन झाले नाही तो. संस्काराचा अभाव हीच कल्पना तिथेही आहे. इंग्रजी ‘नॉटी’ हा शब्द ‘नॉट’, म्हणजे ‘काहीच नाही’, यावरून आला. शेक्सपिअरच्या काळी त्याचा अर्थ दुष्ट असाही होता. पुढे तोही लहान मुलांपुरता सौम्य झाला.

‘शिष्ट’ शब्दाने उलटी वाट धरली. पतंजलीच्या महाभाष्यात शिष्टांचे बोलणे हे शुद्ध भाषेचे प्रमाण होय. शिष्टाचार आणि शिष्टमंडळ यांत तो मान टिकला. परंतु ‘ती फार शिष्ट आहे’ असे मराठी माणूस म्हणतो, तेव्हा त्याला तोरा दिसलेला असतो, सभ्यता नव्हे.

शब्दांच्या अशा छटा टिपण्याचे मोठे काम मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाने १८३१ साली केले. वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. गुजरातीसाठी तेच काम आपल्या सुरतेच्या नर्मदांनी केले. त्यांचा ‘नर्मकोश’ १८७३ साली पूर्ण झाला. या दोन भाषांचे नाते रागावतानाही दिसते. आपला ‘दीडशहाणा’ तो त्यांचा ‘दोढडाह्यो’. दोघांनीही शहाणपणात अर्ध्याची भर घालून थट्टा केली. जर्मन मात्र अशा मुलाला ‘नाझेवाइस’, म्हणजे नाकाने शहाणा, ठरवतात.

आज पर्वत पाटियाच्या वस्तीत आपली नातवंडे गुजराती, हिंदी, इंग्रजी सहज बोलतात, याचा आम्हांस आनंदच आहे. पण एका ‘तोफानी’ शब्दात सगळी मुले कोंबली जातात, तेव्हा काही हरवते. अवखळ मुलाला नुसते धावायचे असते, खोडकराला दुसऱ्याची गंमत करायची असते, वात्रटाची जीभ सैल असते, आगाऊ विचारण्याआधी बोलतो आणि उद्धट वडीलधाऱ्यांचा मान ठेवत नाही. पहिल्याकडे हसून पाहावे, शेवटच्याला समज द्यावी. हा विवेक शब्दांतच साठवलेला आहे. शाळेत हे शब्द क्वचितच शिकवले जातात. ते घरातच कानांवर पडतात. म्हणून वडीलधाऱ्यांनी रागवावे जरूर, पण नेमक्या मराठी शब्दाने रागवावे, एवढीच आमची विनंती.