किंग्जमीडवरचा मुलगा आणि दिवसाला एक डॉलर

किंग्जमीड म्हटलं की आपल्या पिढीला एकच गोष्ट आठवते. 19 सप्टेंबर 2007, समोर स्टुअर्ट ब्रॉड, आणि युवराजचे सहा चेंडूंत सहा षटकार. डरबनच्या त्याच मैदानावर सात वर्षं आधी, 9 जुलै 2000 रोजी, अकरा वर्षांचा एक मुलगा माइकसमोर उभा होता. अंगातला सूट त्याला मोठा होत होता. नाव न्कोसी जॉन्सन. जन्मतःच त्याला आईकडून एचआयव्हीची लागण झालेली. समोर जगभरातून आलेले हजारो डॉक्टर, संशोधक आणि कार्यकर्ते बसले होते.

त्याची मागणी साधी होती. सरकारने एचआयव्ही असलेल्या गर्भवती बायकांना एझेडटी हे औषध द्यावं, म्हणजे बाळांना लागण होणार नाही. आणि लोकांनी आम्हाला घाबरू नये. आम्हालाही हात आहेत, पाय आहेत, आम्हीही चालतो-बोलतो, असं तो सांगत होता.

हा प्रसंग तेराव्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेच्या उद्घाटनाचा. ही परिषद आफ्रिकेत पहिल्यांदाच भरत होती. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. परिषद म्हटलं की मला गळ्यातला बॅज, फुकटची कापडी पिशवी आणि ‘नेटवर्किंग’ आठवतं. अशा मेळाव्यांनी जगात काही बदलतं यावर माझा फारसा विश्वास नव्हता. डरबनबद्दल वाचायला लागलो तो या शंकेपोटीच.

आधी पार्श्वभूमी. 1996 साली व्हँकुव्हरच्या परिषदेत एक मोठी बातमी आली होती: तीन औषधं एकत्र दिली की एचआयव्ही दबून राहतो. मरणाला टेकलेली माणसं उठून कामाला जायला लागली. पण हा उपचार श्रीमंत देशांपुरताच होता. एका रुग्णाचा वर्षाचा खर्च 10 ते 15 हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने काही लाख रुपये. दक्षिण आफ्रिकेत, यूएनएड्सच्या तेव्हाच्या अंदाजानुसार, प्रौढांमध्ये साधारण पाचामागे एकाला लागण झालेली होती. हिशेब तुम्हीच करा.

त्यात त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांना एचआयव्हीमुळे एड्स होतो का, याबद्दलच शंका होती. परिषदेच्या तोंडावर 5 हजारांहून अधिक शास्त्रज्ञांनी सह्या करून ‘नेचर’ नियतकालिकात ‘डरबन जाहीरनामा’ छापला. त्यात त्यांनी एचआयव्ही हेच एड्सचं कारण आहे, हे ठामपणे मांडलं. म्बेकींनी किंग्जमीडवरच्या भाषणात गरिबीवर भर दिला आणि तो प्रश्न टाळला. गरिबी मारते हे खोटं नव्हतं. पण ते सांगून त्यांनी औषधाचा विषय बाजूला सारला, आणि त्याची किंमत इतरांनी मोजली. 2000 ते 2005 या काळात औषधं द्यायला उशीर झाल्यामुळे दक्षिण आफ्रिकेत 3 लाखांहून अधिक जीव गेले, असा हार्वर्डच्या संशोधकांचा नंतरचा अंदाज आहे.

त्याच परिषदेत एडविन कॅमेरॉन बोलले. ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, आणि स्वतः एचआयव्हीसह जगणारे. त्यांचं म्हणणं असं की मी तुमच्यासमोर उभा आहे तो केवळ औषध विकत घेऊ शकतो म्हणून. माझ्याच देशातले लाखो लोक ते घेऊ शकत नाहीत म्हणून मरताहेत, आणि आपण हे पाहत बसलो आहोत. नाझी जर्मनी आणि वर्णभेदाच्या काळात गप्प बसलेल्या सामान्य माणसांशी त्यांनी या गप्पपणाची तुलना केली. डॉक्टरांच्या परिषदेत असं बोलायची रीत नसते.

सभागृहाबाहेर रस्त्यावर मोर्चा होता. त्यात ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’चे, म्हणजे टॅकचे लोक होते. झॅकी अख्मत आणि त्यांच्या सोबत्यांनी 10 डिसेंबर 1998 ला केपटाउनमध्ये ही चळवळ सुरू केली होती. छातीवर ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ असं मोठ्या अक्षरांत छापलेले टी-शर्ट ही त्यांची ओळख. टी-शर्ट लागण नसलेलेही घालायचे, म्हणजे बोट कुणाकडे दाखवायचं हाच प्रश्न उरत नसे. अख्मत स्वतः बाधित होते. सरकारी दवाखान्यात सगळ्यांना मिळेपर्यंत मी हे औषध घेणार नाही, अशी त्यांनी शपथ घेतली होती. 2003 पर्यंत ती पाळली.

आता मुंबईत येऊ. भारताने 1970 साली नवा पेटंट कायदा केला, तो 1972 पासून लागू झाला. राजगोपाल अय्यंगार यांच्या 1959 च्या अहवालावर तो उभा होता. त्याची मेख अशी: औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळणार नाही, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर मिळेल. सोप्या भाषेत, पुरणपोळीवर कुणाचा हक्क नाही. तुमच्या कृतीवर आहे. दुसऱ्या कुणी वेगळ्या कृतीने तशीच पोळी लाटली तर तक्रार करता येणार नाही. आमच्या धंद्यात हे रोज चालतं. आउटपुट तेच, कोड वेगळा. या एका तरतुदीने भारतीय रसायनतज्ज्ञांच्या दोन पिढ्या घडवल्या.

सिप्ला ही त्यांतली एक कंपनी. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी 1935 साली मुंबईत काढलेली. त्यांचे चिरंजीव युसुफ हमीद केंब्रिजमध्ये रसायनशास्त्र शिकून आलेले. 28 सप्टेंबर 2000 ला, डरबननंतर अडीच महिन्यांनी, ते ब्रसेल्सला युरोपियन कमिशनच्या बैठकीत उभे राहिले आणि म्हणाले, तिन्ही औषधं मी वर्षाला 800 डॉलरमध्ये देतो. तंत्रज्ञान हवं असेल त्या देशाला ते फुकट देतो. आईकडून बाळाला होणारी लागण टाळणारं नेव्हिरापिनही फुकट देतो. मोठमोठे अधिकारी समोर होते. कुणी पुढे आलं नाही.

फेब्रुवारी 2001 मध्ये त्यांनी आकडा आणखी खाली आणला. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेसाठी वर्षाला 350 डॉलर, दिवसाला एक डॉलरपेक्षाही कमी. ही बातमी ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये आली आणि जगाचं डोकं चालायला लागलं. एकच औषध कुणी 10 हजारांना विकतो आणि कुणी 350 ला, तर मधले पैसे कशाचे? तोवर ती किंमत पावसासारखी वाटायची, आपल्या हातात नसलेली. ती कुणीतरी ठरवलेली असते, हे आता आकड्यातच दिसलं. पुढे सिप्लाने तीन औषधांची एकच गोळी काढली, ट्रायोम्यून. सकाळी एक, संध्याकाळी एक. मूठभर गोळ्या वेळापत्रकाने घेण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

महिन्याभरातच, 5 मार्च 2001 ला, प्रिटोरियात खटला उभा राहिला. स्वस्त औषधं आयात करता येतील असा कायदा दक्षिण आफ्रिकेने 1997 साली केला होता. त्याविरुद्ध 39 औषध कंपन्या कोर्टात गेल्या होत्या. प्रतिवादींच्या यादीत पहिलं नाव होतं तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला यांचं! टॅकने न्यायालयाचा मित्र म्हणून खटल्यात प्रवेश मिळवला आणि जगभर निदर्शनं झाली. 19 एप्रिलला कंपन्यांनी खटला मागे घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोहा इथे जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशांनी मान्य केलं की पेटंटचे नियम सार्वजनिक आरोग्याच्या आड येऊ नयेत.

दोहा पाहायला न्कोसी नव्हता. 1 जून 2001 ला तो गेला. बारा वर्षांचा होता.

ही गोष्ट ‘भारताने आफ्रिकेला वाचवलं’ अशा फॉरवर्डमध्ये बसवायची हौस अनेकांना असते. मला ती बसवता येत नाही. पहिलं कारण, सिप्ला ही कंपनी आहे, धर्मादाय दवाखाना नाही. दुसरं आणि जास्त टोचणारं कारण म्हणजे आपले रुग्ण. दिवसाला एक डॉलर ही बातमी जगभर गाजत होती तेव्हा तो डॉलरही भारतातल्या बहुतेक बाधितांच्या आवाक्याबाहेर होता. सरकारने मोफत उपचार सुरू केले ते 1 एप्रिल 2004 ला, सुरुवातीला मोजक्या सरकारी रुग्णालयांत, मुंबईचं जे. जे. त्यांतलं एक. म्हणजे ज्या शहरात गोळी स्वस्त करणाऱ्या कंपनीचं मुख्यालय होतं, तिथल्या गरीब रुग्णालाही तीन वर्षं थांबावं लागलं. गोळी स्वस्त होणं आणि ती माणसापर्यंत पोहोचणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम बाजार आपसूक करत नाही.

आणि तो 1970 चा कायदाही तसा राहिला नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या अटींमुळे 2005 पासून आपल्याकडे पदार्थावरही पेटंट मिळतं. मात्र संसदेने त्यात कलम 3(ड) घातलं: जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवं पेटंट मागता येणार नाही. याच कलमावर 1 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा ग्लिव्हेक या कॅन्सरच्या औषधावरचा दावा फेटाळला. शिवाय पेटंट देण्याआधी कुणीही हरकत घेऊ शकतो, अगदी रुग्णांची संघटनासुद्धा. टी-शर्टवाल्यांचं काम आपल्याकडे असं पेटंट ऑफिसच्या फायलींमध्ये चालतं. त्याचे फोटो येत नाहीत, पण काम तेच.

मग परिषदांचं काय? डरबनमध्ये कुठलंही नवं औषध सापडलं नाही. जे सगळ्यांना माहीत होतं ते अशा ठिकाणी मोठ्याने बोललं गेलं, जिथे ऐकणाऱ्याला मान फिरवता येत नव्हती. व्हँकुव्हरने उपचार दिला होता. डरबनने तो कुणाला मिळत नाही हे विचारलं. पुढचं काम मोर्चेकऱ्यांनी, वकिलांनी, एका रसायनतज्ज्ञाने आणि एका जुन्या कायद्याने केलं. यांतलं एक जरी नसतं तरी बाकीचे अडले असते.

ही गोष्ट संपलेली नाही. 2024 मध्ये म्युनिकच्या एड्स परिषदेत लेनाकापाविर या इंजेक्शनचे निष्कर्ष मांडले गेले. वर्षातून दोनदा टोचायचं. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेतलेल्या 2,134 मुली-स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. हेच औषध उपचारासाठी अमेरिकेत वर्षाला 42 हजार डॉलरला विकलं जात होतं. 2025 च्या सप्टेंबरमध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या कंपन्यांच्या जेनेरिकसाठी करार जाहीर झाले: 2027 पासून 120 देशांत, वर्षाला साधारण 40 डॉलर.

यावेळी हजारपट फरक उघड व्हायला पाच वर्षं लागली नाहीत. ते शहाणपण आपोआप आलेलं नाही, डरबनमधून आलेलं आहे. तरी 120 ही यादी आहे, आणि यादीबाहेरही देश आहेत. पुढच्या वेळी एखाद्या आरोग्य परिषदेची बातमी स्क्रोल करताना औषधाचं नाव दिसलं, तर थांबून दोन गोष्टी शोधा: वर्षाला किती, आणि यादीत कोण नाही.