फ्रान्सशी संबंध नसलेली ‘फ्रेंच ड्रेन’

मॅसॅच्युसेट्समध्ये घर घेतलं तेव्हा मला सर्वात जास्त कौतुक होतं ते बेसमेंटचं, म्हणजे तळघराचं. इथे थंडीत जमीन गोठून फुगते, म्हणून पाया चारेक फूट तरी खाली न्यावाच लागतो. एवढं खणायचंच, तर आणखी थोडं खणून अख्खा मजलाच मिळवावा, असा हिशेब.

मार्च २०१० मध्ये इथे वादळांमागून वादळं आली आणि तो मजला घोटाभर पाण्यात गेला. पुस्तकांची खोकी भिजली. दुरुस्तीवाला म्हणाला, “फ्रेंच ड्रेन घाला, आठ हजार डॉलर.” आता हे फ्रेंच लोक मध्येच कुठून आले?

शोधलं तर कळलं, फ्रेंच हे आडनाव! हेन्री फ्लॅग फ्रेंच (१८१३–१८८५) हा न्यू हॅम्पशायरचा वकील आणि न्यायाधीश. नाद मात्र शेतीचा. १८५९ मध्ये त्याने ‘फार्म ड्रेनेज’ हे पुस्तक लिहिलं. चर काही त्याने शोधून काढले नव्हते. त्याच्या आधी वीसेक वर्षं, जॉन जॉन्स्टन नावाच्या स्कॉटलंडहून आलेल्या शेतकऱ्याने न्यूयॉर्क राज्यातल्या आपल्या रानात भाजक्या मातीचे नळ पुरले होते. शेजारी हसले, पण पीक वाढल्यावर तेही नळ पुरू लागले. फ्रेंचने ही सगळी विद्या एका जागी नीट मांडली.

त्या पुस्तकात तळघरांवर एक वेगळं प्रकरण आहे. त्याचं सार असं, की नुसता सिमेंटचा गिलावा करून भागणार नाही. बाहेरची माती पाण्याने भरली की ते पाणी भिंतीवर दाब टाकतं आणि फट शोधतंच. पाण्याला अडवू नका, जायला सोपी वाट द्या. तळाच्या कडेने चर खणून नळ टाका आणि पाणी उताराकडे न्या. आज मातीच्या नळाऐवजी भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा पाइप आणि खडी असते, एवढाच फरक.

मग मी आधी वर पाहिलं. १०० चौरस मीटर छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर २५०० लिटर पाणी होतं, आणि आमची पन्हळ ते सगळं पायाशीच ओतत होती! पन्हळी साफ केल्या, त्यांच्या नळांना जोड लावून पाणी दहा फूट लांब सोडलं, भिंतीलगत माती टाकून दहा फुटांत सहा इंच उतार दिला. खर्च शंभर डॉलरच्या आत, शिवाय दोन रविवार आणि पाठदुखी.

तळघर सुकलं, एक कोपरा सोडून. बर्फ वितळताना तिथे जमिनीखालूनच पाणी वर येतं, त्याला पन्हळ काय करणार? तेवढ्यापुरता न्यायाधीशमहाराजांचा चर खणला.

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण ते पायात जातं, हे कळायला मला पुस्तकांची खोकी भिजवावी लागली.

जाता जाता, वॉशिंग्टनच्या स्मारकातला लिंकनचा भव्य पुतळा घडवला तो याच फ्रेंचच्या मुलाने, डॅनियल चेस्टर फ्रेंचने. मुलाचं काम सगळं जग बघायला जातं. बापाचं काम जमिनीखाली मुकाट्याने चालू आहे, निदान आमच्या घरी तरी.