बेळगावचे बाबा पदमनजी : मनातली श्रद्धा आणि उघड उच्चार

एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा विचार करताना बाबा पदमनजी यांचे नाव ‘यमुनापर्यटन’ या १८५७ सालच्या कादंबरीपुरते घेतले जाते आणि तेथेच विषय संपतो. परीक्षेला तेवढे पुरतेही. परंतु १८३१ साली बेळगावात जन्मलेल्या या गृहस्थांच्या आयुष्यातील खरा पेच वाङ्मयीन नव्हता. जे मनाला पटले ते चारचौघांत बोलावे की नाही, हा तो पेच होता. सीमाभागातील एका जुन्या ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात त्याचे स्मरण अप्रस्तुत ठरू नये.

पदमनजी हे कासार ज्ञातीतले. बेळगावात लंडन मिशनचे काम १८२० पासून सुरू होते. तिच्या शाळेत आणि पुढे मुंबईस फ्री चर्चच्या विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. डॉ. जॉन विल्सन यांच्या या मुंबईत धर्मांतर हा नुसत्या चर्चेचा विषय राहिलेला नव्हता. १८३९ मध्ये धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेले. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने तीच वाट धरली. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा अजाण म्हणून न्यायालयाने वडिलांच्या स्वाधीन केला. मात्र मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या त्या मुलाला जातीत परत घ्यावे की नाही, यावरून साऱ्या शहरात वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या बाजूने उभे राहिले, तर त्यांच्यावरही लोकांचा रोष ओढवला. १८५० च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क सुरक्षित केला खरा, पण पंक्ती, पाणवठा आणि आईचा उंबरठा कोणता कायदा मिळवून देणार?

अशा वातावरणात मनातले मनातच ठेवण्याची सोय तरुणांना हवीशी वाटली, तर नवल नाही. १८४९ मध्ये स्थापन झालेली परमहंस सभा ही तशी सोय होती. दादोबा पांडुरंग तिचे प्रेरक आणि राम बाळकृष्ण तिचे अध्यक्ष. जातिभेद मानावयाचा नाही, ही तिची प्रतिज्ञा. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन ती सिद्ध करावयाची. परंतु हे सारे बंद दाराआड! सभासदांची संख्या पुरेशी वाढली की मग जगाला सांगू, असा हिशेब होता. १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रे चोरीस गेली, सभासदांची नावे फुटणार अशी धास्ती पडली आणि सभा विरून गेली. या मंडळींना भित्रे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्यांच्यातूनच पुढे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते निघाले.

बाबा पदमनजी या सभेत होते. त्यामुळे गुप्ततेची चव त्यांनी स्वतः घेतली होती. ख्रिस्तावर श्रद्धा बसल्यावरही ती उघड करण्यास त्यांना काळ लागला, आणि तो काळ त्यांनी आपल्या आत्मचरित्रात झाकून ठेवला नाही. अखेर १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो बेळगावात. माझ्या मते या घटनेतील धैर्य या स्थळात आहे. मुंबईच्या गर्दीत, विल्सनसाहेबांच्या छायेखाली हे करणे त्या मानाने सोपे होते. ज्या गावात घरोघर ओळख, जेथे बापाच्या नावाने हाक मारणारी माणसे, तेथे उभे राहून ‘मी ख्रिस्ती झालो’ असे म्हणणे निराळे.

‘यमुनापर्यटन’ या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचावी. कादंबरी म्हणून ती विस्कळीत आहे, उपदेश फार आहे, हे मान्यच. विधवांच्या दुःस्थितीचे चित्र म्हणून आपण तिचा गौरव करतो, तोही रास्त. पण यमुना आणि तिचा पती विनायक ही दोघे प्रारंभी मनाने ख्रिस्ती आहेत, उघडपणे नाहीत, इकडे सहसा लक्ष जात नाही. लेखक स्वतःची जुनी घालमेल त्यांच्या संसारात मांडतो. यमुना उघडपणे ख्रिस्ती होते, ती पुढे, वैधव्याचे सारे भोग भोगून झाल्यावर.

या धैर्याची किंमत बोलणाऱ्याबरोबर घरच्यांनाही मोजावी लागते, हेही येथे नमूद केले पाहिजे. १८९५ मध्ये रेव्हरंड ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर काय ओढवले ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या त्या १९०० साली, पतीच्या आज्ञेने नव्हे, आपल्या विचाराने. दोघांत अधिक धीट कोण, हे मला आजवर ठरविता आलेले नाही.

बाबा पदमनजी पुढे काही वर्षे पुण्यात पाळक होते. नियतकालिके चालविली, पुष्कळ पुस्तके लिहिली. ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र १८८८ साली प्रसिद्ध झाले. स्वतःच्या जीवनाविषयी छापील पृष्ठावर असे मोकळे बोलणे मराठीत तोवर विरळाच होते. दादोबांचे आत्मचरित्र लिहिले गेले आधी, पण छापले गेले थेट १९४७ मध्ये. बाबांचा मृत्यू १९०६ मध्ये झाला. त्यांचे धर्मविषयक ग्रंथ आता कोणी फारसे मागत नाही. मोल्सवर्थच्या कोशाची त्यांनी केलेली १८६३ ची संक्षिप्त आवृत्ती मात्र अभ्यासक अजून उघडतात.