दोन्ही पक्ष खरे

कॉलेजचा उंबरा आम्ही चढलो नाही. आमचे रसायनशास्त्र झाले ते रेवसच्या धक्क्यावर, लाँचची वाट पाहताना. म्हणून की काय, ॲसिटोॲसेटिक एस्टरचा तंटा आम्हांस ओळखीचा वाटला.

१८६३ साली गॉयथर यांनी हा द्रव तयार केला व त्यात हायड्रॉक्सिल गट आहे असे सांगितले. दोनतीन वर्षांत फ्रँकलंड व डुप्पा म्हणाले, छे, हा तर कीटोन! एका बाजूस फेरिक क्लोराइडने उमटणारा रंग, दुसरीकडे मोडतोडीत निघणारे ॲसिटोन. पुरावा दोघांच्याही पदरी. १८८५ मध्ये लार यांनी अशा वागण्याला टॉटोमेरिझम म्हटले. पण नाव ठेवल्याने तंटा मिटत नाही, हे युनियनवाल्यांना कोणी सांगावे? १९११ साली येना येथे क्नोर यांनी उणे ७८ अंशांच्या थंडीत दोन्ही रूपे वेगळी काढली. नेहमीच्या उष्णतामानाला शंभरांत सुमारे ९२ रेणू कीटो, उरलेले ईनॉल. आणि अदलाबदल सतत चालू.

हे घडते केव्हा? कार्बोनिलशेजारच्या कार्बनवर हायड्रोजन हवा. तो ऑक्सिजनकडे जातो, दुहेरी बंधही जागा बदलतो. दोन कार्बोनिलांच्या मधला हायड्रोजन तर फारच सहज हलतो. आम्लाचा वा अल्कलीचा अंश मिळाला की वेग वाढतो.

आमच्याकडे मासळीला लावतात त्या हळदीतले कर्क्युमिन याच जातीचे. द्रावणात ते बहुतांशी ईनॉलच असते. चुन्याने हळद लाल होते ती मात्र या अदलाबदलीने नव्हे. तेथे हायड्रोजन रेणू सोडूनच जातो.