दुष्काळातील औरंगाबाद आणि राजा दीनदयाळ यांची छायाचित्रे

औरंगाबाद जिल्ह्याच्या आरंभीच्या छायाचित्रांत लेण्यांचे प्राबल्य दिसते. मेजर रॉबर्ट गिल याने घेतलेली अजिंठा-वेरूळची छायाचित्रे १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन याच्या लेखनासह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. अशा चित्रांचा विषय वास्तू हा होता. तिच्या परिसरात राहणारा मनुष्य नव्हे.

१८९९-१९०० च्या दुष्काळाने हा क्रम पालटला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या राज्यात सुरू असलेल्या दुष्काळनिवारणाची छायाचित्रे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) यांच्या चित्रशाळेने घेतली. त्यांत औरंगाबाद येथील क्षुधापीडित स्त्रीपुरुष व मुले दिसतात. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन याच्या संग्रहातून ही छायाचित्रे लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात गेली.

या चित्रांचा हेतू उघड आहे. राज्याने प्रजेसाठी काय केले, याची साक्ष वरिष्ठ सत्तेपुढे ठेवावयाची होती. म्हणूनच औरंगाबादच्या एका चित्रास ‘कृशतेचे नमुने’ अशा अर्थाचा इंग्रजी मथळा आहे. ज्यांची हाडे मोजता येतात त्यांचे नाव, गाव वा व्यवसाय मात्र तेथे नाही. १८७६-७८ च्या मद्रास दुष्काळात विलोबी हूपर याने घेतलेल्या चित्रांतही हेच घडले होते.

ही उणीव केवळ तंत्राची नव्हती. याच चित्रशाळेतून बाहेर पडलेल्या उमराव व अधिकाऱ्यांच्या चित्रांखाली नावे व पदव्या आढळतात. नाव नोंदविणे शक्य होते. कोणाचे नोंदवावयाचे, हे प्रतिष्ठेवर ठरत होते.

तथापि ही चित्रे केवळ दरबारी प्रशस्ती म्हणून बाजूस सारणे योग्य नव्हे. १८९१ ते १९०१ या दशकात हैदराबाद संस्थानची लोकसंख्या सुमारे १ कोटी १५ लाखांवरून १ कोटी ११ लाखांवर आली. शिरगणतीच्या या आकड्यामागे माणसे होती, हे पटवून देणारा पुरावा या छायाचित्रांएवढा प्रत्यक्ष क्वचितच मिळतो. ज्या हेतूने कॅमेरा उभा केला गेला, त्याहून अधिक काही त्याच्या काचेवर उमटले आहे.

आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकास म्हणूनच दुहेरी दक्षता घ्यावी लागते. मथळ्यावर विसंबून या माणसांना ‘नमुने’ समजावयाचे नाही आणि करुणेच्या भरात त्यांना कल्पित चरित्रेही द्यावयाची नाहीत. महसुली कागद, मदतकार्याचे अहवाल आणि घराघरांतील आठवणी या चित्रांशेजारी ठेवल्या, तरच शासनाच्या कार्याचा पुरावा असलेले हे चित्र त्या रहिवाशांचाही पुरावा ठरेल.