हंसांचे कळप आणि डार्विनचा पुरावा

दोन भिन्न जातींचा संकर वांझ निपजतो, असा एकोणिसाव्या शतकात रूढ समज होता. खेचर हे त्याचे नेहमीचे उदाहरण. १८५९ साली ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये या समजाची परीक्षा करताना चार्ल्स डार्विन यांनी पाळीव हंसांचा दाखला दिला. युरोपातील पाळीव हंसाचा पूर्वज कलहंस. चोचीच्या मुळाशी गाठ असलेल्या चिनी हंसाचा पूर्वज निराळ्या जातीचा. इंग्लंडमध्ये ईटन यांनी या दोहोंच्या संकरित जोडीपासून एकाच घरट्यात आठ पिल्ले मिळवली होती.

याहून भक्कम पुरावा भारतातून आला. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ आणि कॅप्टन हटन यांच्या मते, येथे अनेक ठिकाणी अशा संकरित हंसांचे कळपच्या कळप पाळले जात. ते उत्पन्नासाठी पाळले जात आणि दोन्ही मूळ शुद्ध जाती तेथे नव्हत्या. मांसासाठी पक्षी विकायचे, तर नवी पिल्ले कळपातच निपजली पाहिजेत. म्हणजेच संकर प्रजननक्षम होता.

पुढे डार्विन यांनी स्वतः असे हंस वाढवून १८८० साली ‘नेचर’मध्ये तसे नोंदवले. भारतातील पालकांनी मात्र तोच प्रयोग उपजीविका म्हणून आधीच केला होता. त्यांची नावे ग्रंथात नाहीत.